शेजाऱ्याच्या बाजूने

आमच्या टॉवरमध्ये सध्या एक ओल फिरते आहे. बाराव्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून ती निघाली आणि अकराव्या मजल्यावरच्या बेडरूमच्या छतावर येऊन स्थिरावली. आधी ती गोव्याएवढी होती, मग गुजरात झाली, आणि परवा सौराष्ट्राचा पोपडा सुटून थेट पलंगावर पडला.

अकरावा मजला म्हणतो, पाणी वरून येतं. बारावा मजला म्हणतो, पाणी भिंतीतच होतं, आम्ही राहायला यायच्या आधीपासून. सोसायटीने प्लंबर आणला. त्याने भिंतीला कान लावला, बराच वेळ ऐकलं, "दोघांचंही बरोबर आहे" असा निकाल दिला आणि दोघांकडूनही पैसे घेतले. त्यानंतर दोन्ही पक्षांना एकदमच माझी आठवण झाली, कारण त्या न्हाणीघराला भिंत लावून मी राहतो. घोडबंदर रोडवरच्या या टॉवरला बिल्डरने इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव दिलं आहे. इमारतीला नाव दिल्यामुळे आत राहणाऱ्या माणसांना नावं उरलेली नाहीत, नुसते नंबर आहेत. इतकी वर्षं मी सगळ्यांसाठी 'बाराशे तीन' होतो. ओल आल्यापासून 'दादा' झालो.

"दादा, तुम्ही शेजारी. मीटिंगमध्ये फक्त खरं काय ते सांगा," अकरावावाले म्हणाले.

"दादा, तुम्ही तर भिंतीपलीकडचेच. आम्हाला दुसरं काही नको, फक्त खरं सांगा," बारावावाल्या वहिनी म्हणाल्या.

खरं काय आहे ते दोघांनीही मला कागदावर लिहून आणून दिलं.

मी हात जोडले. म्हटलं, "ठाण्यात राहून शेजाऱ्यांच्या भांडणात साक्ष द्यायची माझी हिंमत नाही. १३२१ साली चौघांवर ती पाळी आली होती. चौघंही गेले."

त्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, 'बाराशे तीन यांना जरा आराम करू द्या.'

पण गोष्ट खरी आहे. ती मला आमच्या बाईंनी सांगितली होती, डोंबिवलीहून कल्याणला जाणाऱ्या लोकलमध्ये, उभ्याने. फ्रान्सिस्कन पंथाचे चार संन्यासी समुद्रमार्गे पूर्वेकडे निघाले होते. वारा फिरला आणि जहाज ठाण्याला लागलं. इथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना घरात उतरवून घेतलं. पुढे त्या घरात नवरा-बायकोचं वाजलं, नवऱ्याने हात उचलला आणि बायको तडक काजीकडे गेली. काजीने विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, आमच्याकडे पाहुणे आहेत की! तिघं निघाले, चौथा सामान राखायला घरी थांबला. तिकडे नवरा-बायको राहिले बाजूला, बोलणं धर्मावर गेलं, वाद विकोपाला गेला आणि तिघांचे प्राण गेले. सामान राखणाराही सुटला नाही. त्यांच्या जॉर्डेनस नावाच्या सोबत्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. मागाहून ओडोरिक नावाचा इटालियन संन्यासी आला, त्याने त्यांची हाडं उकरली, गाठोड्यात बांधली आणि जहाजात घालून थेट चीनला नेली.

"तर यावरून आपण काय शिकायचं?" बाईंनी विचारलं.

"श्रद्धेसाठी प्राणही द्यायचे," मुलींच्या बाजूने उत्तर आलं.

"नवरा-बायकोच्या भांडणात पडायचं नाही," मी म्हणालो.

बाईंनी दोन्ही उत्तरांना पूर्ण मार्क दिले. चाळीत राहणाऱ्या बाईला दुसरं उत्तर जास्त पटलं असावं, असा माझा अजूनही संशय आहे.

बाई तिसऱ्या खोलीत, आम्ही चौथ्या. चाळ डोंबिवली पूर्वेला, रुळांच्या इतक्या जवळ की मालगाडी गेली की आमच्या फळीवरचा साखरेचा डबा सरकत सरकत पोह्यांच्या जागी यायचा. सोमवार ते शनिवार बाई कल्याणच्या एका शाळेत शिकवायच्या आणि रविवारी कल्याणच्याच आमच्या देवळात शब्बाथशाळा घ्यायच्या. परमेश्वराने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, हे आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला सातवा दिवस नव्हता. एकदा मी ही विसंगती त्यांच्या नजरेला आणून दिली.

"त्याला तुमचा वर्ग नव्हता घ्यायचा, लेकरा," बाई म्हणाल्या.

बाई मूळच्या नगरच्या. अमेरिकन मराठी मिशनने नगरला शाळा काढल्या, १८४२ साली तिथूनच 'ज्ञानोदय' सुरू केला, आणि या सगळ्या गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत घडल्यासारख्या बाई सांगायच्या. नारायण वामन टिळकांना त्या 'आमचे टिळक' म्हणायच्या. डोंबिवलीत असं म्हटलं की समोरचा माणूस आदराने मंडाले, केसरी, गीतारहस्य असं काहीतरी बोलू लागायचा. बाई त्याचं सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "ते नाही हो. दुसरे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले." लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पावसाळ्यात गॅलरीत बसून त्या आम्हाला वाचून दाखवत आणि मधेच 'आमच्या लक्ष्मीबाई' म्हणत. त्यामुळे चाळीतल्या निम्म्या पोरांची पक्की समजूत होती की लक्ष्मीबाई ही बाईंची मावशी, आणि ती मे महिन्यात राहायला येणार आहे.

चाळीत नवीन भाडेकरू आला की त्याचा एक प्रश्न ठरलेला असे. बाईंशी दहा मिनिटं बोलून झाल्यावर तो कौतुकाने म्हणायचा, "तुम्ही ख्रिश्चन ना? मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?"

"तुमचंही बरं आहे की," बाई म्हणायच्या.

फारच सुशिक्षित भाडेकरू असला तर पुढची मात्राही असायची. "फादर स्टीफन्स म्हणून इंग्रज होता. त्याने १६१६ साली गोव्यात मराठी ओव्यांचं अख्खं क्रिस्तपुराण छापून काढलं. त्याला इंग्रज असून कोणी हे विचारलं नसेल. मी तर राहुरीच्या पलीकडे जन्मलेय."

शब्बाथशाळेची कल्पना कोणाची, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स नावाचा छापखानेवाला होता. तिथली गरीब पोरं आठवडाभर कामाला जायची आणि रविवारी मोकळी सुटून गावभर धिंगाणा घालायची. त्यावर उपाय म्हणून त्याने १७८० साली रविवारची शाळा काढली. मी घरी येऊन आईला ही गोष्ट सांगितली. आई कपडे पिळत होती. तिचे हात थांबले. "देवमाणूस होता," ती म्हणाली. रविवारी सकाळी तीन तास घरात पोर नाही, याचं मोल आईइतकं ग्लॉस्टरमध्येही कोणाला कळलं नसेल. चाळीतल्या बाकीच्या आयांनाही ते कळलं होतं. त्यामुळे बाईंच्या मागे निघणाऱ्या रांगेत सगळ्या धर्मांची आणि सगळ्या पोटजातींची पोरं असायची. पहिल्या खोलीतल्या आजींना कोणीतरी भीती घातली, "अहो, नातू तिकडे जातो, धर्मबिर्म बदलला तर?" आजी म्हणाल्या, "त्याने अजून बनियन बदललेलं नाही मंगळवारपासून."

डोंबिवली ते कल्याण हा प्रवास किती? मधे एक ठाकुर्ली. एवढ्या वेळात बाई आमच्याकडून आठवड्याचं वचन पाठ करून घ्यायच्या. गाडी सुटली की पहिला चरण, ठाकुर्ली आली की श्वास, तिथून पुढे दुसरा चरण. याचा परिणाम असा झाला की मला अजूनही कुठलंही वचन अर्धंच आठवतं, आणि उरलेलं आठवायला मनातल्या मनात पॉवर हाऊसच्या धुराड्यांवरून जावं लागतं. कधी कल्याणच्या बाहेर सिग्नल नसला आणि गाडी खोळंबून राहिली, की सगळा डबा चरफडायचा. बाई मात्र खूश. "देवाने वेळ दिलाय. चला, पुढचं वचन." आमची जी काही वचनं आज पक्की आहेत, ती सगळी त्या खोळंब्याची पुण्याई आहे.

पाठांतरात आमची एक युक्ती होती. योहानाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायाचं पस्तिसावं वचन फक्त दोन शब्दांचं आहे. स्वतःच्या आवडीचं वचन म्हणायला सांगितलं की अख्खी रांग एकामागून एक तेच म्हणायची, आणि वर चेहरे इतके भाविक करायची की बाहेरच्या पाहुण्याला गहिवरून यावं. बाईंनी काही आठवडे सहन केलं. मग एका रविवारी म्हणाल्या, "लहानातलं लहान आवडतं ना? आता मोठ्यातलं मोठं आवडून घ्या." आणि एकशे एकोणिसावं स्तोत्र काढलं. त्यात १७६ वचनं आहेत. त्या वर्षी आम्ही कर्जतपर्यंत जरी गेलो असतो तरी ते संपलं नसतं.

आता बाईंच्या साक्षीविषयी. दहा आज्ञांतली नववी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याला मनाई करते. पैशाच्या आणि सरकारच्या बाबतीत बाई ही आज्ञा इतक्या कडकपणे पाळत की सोबतच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हावं. बारा वर्षांपर्यंत रेल्वेचं अर्धं तिकीट. मी अंगाने किरकोळ, पंधराव्या वर्षापर्यंत अर्ध्या तिकिटात सहज खपलो असतो. एका रविवारी कल्याणच्या पुलावर टीसीने माझं अर्धं तिकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत दिलं. प्रकरण मिटलं होतं. तेवढ्यात बाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं.

"अहो थांबा. याला काल बारा पूर्ण झाली. माझ्या ध्यानातच नाही राहिलं."

"असू द्या हो बाई."

"असू कसं द्या? दंड किती?"

टीसी पुढे, बाई मागे. सगळा पूल थांबून पाहत होता, कारण प्रवासी टीसीच्या मागे धावतोय हे दृश्य त्या पुलाने त्याआधी पाहिलेलं नव्हतं. शेवटी त्या माणसाने पावती फाडली, ती रागारागाने, आणि मला म्हणाला, "वाढदिवस एक दिवस पुढे नाही ढकलता आला?"

याच बाई त्याच संध्याकाळी चाळीत परतल्या आणि आईने विचारलं, "आज याने त्रास नाही ना दिला?"

"छे छे. फार गुणी," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी दानपेटीत बाटलीचं झाकण टाकलं होतं आणि पाळकसाहेबांच्या उपदेशाच्या ऐन भरात बाकाखालून रांगत पलीकडे गेलो होतो. मला राहवलं नाही. गॅलरीत गाठून मी बाईंना विचारलं, "बाई, ही खोटी साक्ष नाही का झाली?"

"आज्ञा नीट वाच," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्याच्या विरुद्ध द्यायची नाही म्हटलंय. बाजूने द्यायला कुठं मनाई आहे?"

हे तत्त्वज्ञान पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते दचकले. "बाई, तसा अर्थ नाही हो होत." बाई म्हणाल्या, "तुम्ही देवळाजवळ बंगलीत राहता. चाळीत राहून बघा, मग अर्थ लागेल."

या सिद्धांताची खरी कसोटी लागली ती १९८७ साली. त्या वर्षी २५ जानेवारीला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊला. आमची शब्बाथशाळा नऊला, उपासना दहाला. पहिल्या रविवारी वर्गातली चार-दोन पोरं कमी झाली. पुढच्या रविवारी जी उरली ती मुडदुशी चेहऱ्याने बसून होती. महिनाभरात अशी पाळी आली की हजेरी घ्यायला बाई आणि द्यायला पाळकसाहेबांची दोन मुलं, आणि तीही बांधून आणल्यासारखी.

बाईंनी रागावून पाहिलं. बक्षिसं लावून पाहिली. शेवटी त्यांनी पंचांच्या सभेत ठराव मांडला: शब्बाथशाळा आठला, सव्वानऊला सुट्टी, मग सगळी पोरं देवळामागे राखणदाराच्या खोलीत टीव्ही बघतील, आणि उपासना दहाऐवजी साडेदहाला. सभेत वीज कोसळली. एक ज्येष्ठ पंच उभे राहिले आणि म्हणाले की उपासनेची वेळ मिशनरींच्या काळापासून दहाची आहे, ती एका मालिकेसाठी बदलायची हा मंडळीचा अधःपात आहे. यावर मागून एक तरुण पंच म्हणाला, "साहेब, गेले चार रविवार तुम्हीच पावणेअकराला येताय."

सभा स्तब्ध. ज्येष्ठ पंचांचा चेहरा पडला. तेवढ्यात बाई उठल्या.

"त्यांना पडसं होतं," बाई म्हणाल्या. "मी स्वतः पाहिलंय."

ज्येष्ठ पंचांनी तातडीने शिंक काढली. ठराव एकमताने मंजूर झाला.

त्यानंतर दीड वर्ष, म्हणजे ३१ जुलै १९८८ पर्यंत, आमच्या देवळाची घंटा वाल्मीकींच्या वेळापत्रकाने वाजत होती. ज्येष्ठ पंच राखणदाराच्या खोलीत सर्वांत पुढे बसत, पोरांवर लक्ष ठेवायला. आमच्या अभ्यासावर थोडा परिणाम झाला, नाही असं नाही. सहामाही परीक्षेत प्रश्न होता, 'मोशेने लोकांना समुद्रापलीकडे कसं नेलं?' एका पोराने लिहिलं, 'दगडांवर नाव लिहून पूल बांधला.' बाईंनी त्याला अर्धा मार्क दिला. पाळकसाहेबांनी विचारलं, कशाबद्दल? "पलीकडे नेलं, हे बरोबर आहे ना?" बाई म्हणाल्या. "रस्त्याचा तेवढा फरक."

नाताळच्या नाटकाविषयी लिहायला बसलो तर हा लेख संपणार नाही. एवढंच सांगतो की कपडे गणेशोत्सव मंडळाकडून उसने आणलेले असायचे, त्यामुळे हेरोद राजा वर्षानुवर्षं अफझलखानाच्या दाढीत वावरला. आणि ज्या वर्षी खोल्यांच्या दलालाच्या मुलाला सराईवाल्याचं काम दिलं, त्या वर्षी त्याने योसेफाला ठरलेल्या वाक्याऐवजी घरातलं वाक्य ऐकवलं, "जागा आहे, पण पागडी पडेल." योसेफ बिचारा प्रामाणिक. त्याने विचारलं, "किती?"

शब्बाथशाळेची सहल दर जानेवारीत ठाण्याला जायची. बाईंचा मार्ग ठरलेला. आधी सेंट जेम्स चर्च, कारण १८२५ साली बिशप हीबर यांनी त्याचं समर्पण केलं, आणि ते कसं केलं हे बाई आवारात उभ्या राहून इतकं तपशिलात सांगायच्या की आम्हाला हीबर परत गेले याचा आनंद व्हायचा. मग मासुंदा तलाव, काठावरचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च बाहेरून, आणि शेवटी ज्याच्यासाठी आम्ही हीबर सहन केलेले असायचे ती होडी.

एका सहलीच्या आदल्या रविवारी बाईंनी पेत्र पाण्यावरून चालला तो धडा फार रंगवून शिकवला होता. पेत्र चालत होता तोवर ठीक, भ्यायला आणि बुडू लागला. तात्पर्य, भ्यायचं नाही. आमच्या वर्गात एक जाडा, शब्दाला पक्का मुलगा होता. होडी मासुंद्याच्या मधोमध आली आणि तो शांतपणे उठला, चप्पल काढून नीट जोडीने ठेवली आणि काठावरून पाय बाहेर टाकला. तो जराही भ्यायला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. तरी सरळ खाली गेला. होडीवाल्याने त्याची कॉलर धरली, आम्ही होडीवाल्याची धरली, आणि बाईंनी आपला नवीन वायलचा पदर खाली सोडला, तोच तेवढा हाती लागून तो वर आला. वर आल्यावर पहिलं वाक्य बोलला, "बाई, तुम्ही म्हणाला होतात."

"समुद्रासाठी म्हणाले होते. तलावाचं वेगळं असतं," बाई थरथरत म्हणाल्या.

संध्याकाळी चाळीत त्याची आई दारातच उभी. "अगं बाई, हा एवढा भिजला कसा?"

"ठाण्यात पाऊस," बाई म्हणाल्या.

"जानेवारीत?"

"अवकाळी."

"आणि बाकीची पोरं कोरडी कशी?"

"तोच पुढे होता," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील कोरड्या ठणठणीत उन्हात छत्री घेऊन ठाण्याच्या ऑफिसात गेले, आणि त्यांना पाहून आमच्या चाळीतून छत्र्या घेऊन आणखी दोन-तीन माणसं निघाली. बाई खोटं बोलतील हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. कल्याणच्या पुलावरच्या त्या पावतीची कीर्ती अशी कामाला यायची.

कापणीच्या सणाला बाईंचं वेगळंच रूप दिसे. सणाला जो तो आपल्या घरचं काहीतरी देवाला आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. डोंबिवली-कल्याणच्या माणसाच्या घरचं पीक काय असणार? तर बाजारातून आणलेला दुधी, डझनभर केळी, कोणाच्या कुंडीतली मिरची. ते सगळं देवासमोर मांडलं जाई आणि मग तेच आपण भाजीवाल्याच्या चौपट भावाने परत घ्यायचं. घासाघीस उलट्या दिशेने करायची असल्यामुळे आमच्या आयांना तो दिवस फार जड जाई.

एका वर्षी पत्रीपुलाकडून येणाऱ्या एका मुलाने दोन अंडी आणली होती, रुमालात बांधून. लिलाव पुकारणाऱ्याने अंडी वर धरली. आधी पाच किलोंचा भोपळा गेला होता, जिवंत कोंबडी गेली होती. अंड्यांकडे कोणाचं लक्ष जाईना. मुलगा मान खाली घालून बसला होता.

"दहा रुपये," बाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. दोन अंड्यांना दहा रुपये! पुढे कोणी बोलेना. बोली तिथेच संपली तर ती दया दिसली असती, आणि बाईंना ते नको होतं. त्यांनी मला कोपर मारलं. मला वाटलं, सरकून बसायला सांगतायत, मी सरकलो. त्यांनी पुन्हा कोपर मारलं, आणि दातांतल्या दातांत म्हणाल्या, "पंधरा म्हण."

"पंधरा," मी ओरडलो. माझ्या खिशात चार आणे होते.

"वीस," बाई.

"पंचवीस!" आता मला चव लागली होती.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. पुकारणाऱ्याने एक वार, दोन वार केलं. मी वाट पाहत होतो बाई तीस कधी म्हणतात. बाई वाट पाहत होत्या मी गप्प कधी होतो. तीन वार झालं आणि दोन अंडी माझ्या मांडीवर आली. तो पत्रीपुलाचा मुलगा मात्र असा ताठ बसला होता की भोपळावाल्यांनाही त्याचा हेवा वाटावा. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "एवढं काय आहे त्या अंड्यांत?"

"गावठी आहेत," बाईंनी पटकन साक्ष दिली.

पैसे बाईंनीच भरले. मी ते वचनं पाठ करून फेडावेत असं ठरलं, एका वचनाला पंचवीस पैसे. बाजारभावाने पाहिलं तर मी अजूनही त्यांचं देणं लागतो.

बाईंचा एकच गुण सांगायचा राहिला, तो म्हणजे त्यांचं गाणं. 'उपासना संगीत'मध्ये टिळकांची पदं आहेत, देशी चाली आहेत, विलायती चाली आहेत, आणि बाई त्या सगळ्या एकाच ओढीने गात. सुरुवात काळी एकमध्ये होई. दुसऱ्या कडव्याला बाई काळी दोनमध्ये असत, तिसऱ्याला पट्टीचं नाव सांगता येत नसे. आवाज खणखणीत असल्यामुळे मंडळीला त्यांच्यामागे जावंच लागे. आमचे पेटीवाले काका सहनशील माणूस. बाई वर गेल्या की ते पट्टी बदलून त्यांना गाठत, तोवर बाई पुढे गेलेल्या असत. शेवटचं कडवं यायच्या आत पुरुषमंडळी गळून पडत आणि 'आमेन'ला फक्त बाई, काका आणि वटवाघळं उरत. एकदा काकांनी हळूच सुचवलं, "बाई, सूर जरा धरून ठेवता का?"

"तुम्ही ठेवा धरून," बाई म्हणाल्या, "मी गाते."

बाई गेल्या तेव्हा वय पुष्कळ झालं होतं, चाळ पाडून तिथे सात मजले उभे राहिले होते आणि आम्ही सगळे ठाणे, बदलापूर, पुणे असे विखुरलो होतो. स्मरणाच्या उपासनेला देऊळ भरलं. पाळकसाहेब नवीन होते, बाईंना फारसे ओळखत नव्हते. ते म्हणाले, "ज्यांना साक्ष द्यायची असेल त्यांनी पुढे यावं."

पहिल्यांदा ज्येष्ठ पंचांचा मुलगा उठला. म्हणाला, "माझे वडील आयुष्यात कधी उपासनेला उशिरा आले नाहीत, याचं श्रेय बाईंना." मग मासुंद्याचा पेत्र आला. आता तो चांगलाच मोठा अधिकारी झाला आहे, आणि आणखी जाडाही. त्याने सांगितलं की बाईंबरोबर इतक्या सहली झाल्या, पण आमच्यातल्या एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. पहिल्या खोलीतल्या आजींचा नातू म्हणाला, बाईंनी आम्हाला कधी पाठांतराची सक्ती केली नाही. पत्रीपुलाचा मुलगा आता कल्याणात अंड्यांचा होलसेल व्यापारी आहे. तो म्हणाला, त्या वर्षी आमच्या अंड्यांना जो भाव आला तो मालाच्या दर्जामुळे आला, आणि ती गावठी होती हे बाईंनी बरोबर ओळखलं.

मग मी उठलो. वर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "बाईंचा सूर कधी चुकला नाही."

कोपऱ्यातून पेटीवाले काका, वय वर्षं नव्वदच्या आसपास, सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, "आमेन!"

शेवटी बाईंच्या आवडीचं गीत घ्यायचं ठरलं. काकांनीच पेटी ओढून घेतली. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्याला काकांनी, बाई नसतानाही, सवयीने पट्टी वर नेली. तिसऱ्याला आणखी वर नेली. पुरुषमंडळी गळू लागली, बायकांचे गळे फाटायला आले, पंचांच्या मुलाला ठसका लागला. नवे पाळकसाहेब घाबरून काकांजवळ गेले आणि कानात म्हणाले, "काका, शेवटचं कडवं गाळू या का?"

"आता कसं गाळणार?" काका भाता मारता मारता म्हणाले. "बाई पुढे गेल्यात ना!"